बरसीमची पहिली कापणी: हिरव्याच्या आधी भूसा घाला

ऑक्टोबरात पेरलेला बरसीम, म्हणजे जनावरांचा हिरवा चारा, इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूकडच्या शेतांत डिसेंबरच्या सुमारास पहिल्या कापणीला येतो. सोयाबीन निघाल्यापासून कुटार (मळणीनंतर उरलेला सोयाबीनचा भूसा) आणि गव्हाच्या भूशावर दिवस काढलेली जनावरं या कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडतात, आणि आपणही कौतुकानं आख्खा भारा गव्हाणीत टाकतो. पोटफुगी होते ती इथेच.

भूशातला तंतूंचा भाग गायीला स्वतःला पचवता येत नाही. ते काम कोठीपोटातले (गायीच्या चार पोटांतल्या पहिल्या, मोठ्या पोटातले) सूक्ष्म जिवाणू करतात. मोठ्या गायीचं कोठीपोट शंभर लिटरहून जास्त मावेल एवढं असतं. तिथे चारा आंबतो, त्यातून तयार होणारी आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच भागतो. त्यातल्या ॲसिटिक आम्लापासून दुधातली चरबी बनते. म्हणून हिरवा आणि खुराक (दाणा-पेंड) भरपूर, पण भूसा-कुटार कमी, असं झालं की डेअरीवर फॅट उतरतो. मग आपण दुधात पाणी पडलं का ते बघत बसतो! हेच जिवाणू पुढे वाहत चौथ्या पोटात आणि आतड्यात जातात आणि तिथे गायीला प्रथिन म्हणून पचतात.

भूसा फोडणारे जिवाणू वेगळे, दाण्यातला स्टार्च खाणारे वेगळे. चारा बदलला की त्यांची संख्या नव्यानं जमायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसांत मोठ्या गायीला चार-पाच किलोपेक्षा जास्त बरसीम देऊ नका. दर तीन-चार दिवसांनी थोडा थोडा वाढवत वीस-पंचवीस किलोपर्यंत न्या. सकाळचं दव असताना कापलेला ओला चारा तसाच घालू नका. दुपारी कापा, तीन-चार तास सुकू द्या, आणि आधी भूसा खाल्लेल्या जनावरालाच द्या. कुट्टी साधारण इंचभर ठेवा. अगदी पीठ केलेल्या चाऱ्यावर रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते. गायीच्या लाळेत खाण्याचा सोडाच असतो, दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ पोटात जाते आणि ती आम्लपणा सावरते. निवांत बसून सहा-आठ तास रवंथ करणारी गाय ठीक आहे, असं समजा.

कोवळ्या बरसीममुळे पोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही आणि डावी कूस फुगून वर येते. गाय उठबस करते, तोंडानं श्वास घेते. अशा वेळी मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर खाद्यतेल हळूहळू पाजा, म्हणजे फेस मोडतो. पाजताना डोकं फार वर उचलू नका, जीभ ओढून धरू नका, नाहीतर तेल फुप्फुसात जातं. पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि लगेच 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन लावा. कुशीत सुई-सुरी खुपसण्याचा उद्योग घरी करू नये, ते डॉक्टरांवर सोडा.

खळ्यावर सांडलेलं सोयाबीन जनावर मोकळं सोडून चारू नका. कच्च्या दाण्यात 18 ते 20 टक्के तेल असतं, जास्त झालं की भूसा पचवणारे जिवाणू मंदावतात. भाजून भरडलेलं अर्धा-एक किलो दुधाच्या गायीला चालतं. आणि हे नक्की लक्षात ठेवा: युरिया प्रक्रिया केलेल्या भूशाबरोबर कच्चं सोयाबीन कधीच नको. त्यातलं विकर युरियाचा अमोनिया झपाट्यानं करतं आणि विषबाधा होऊ शकते. प्रक्रिया करायचीच तर 100 किलो भूशाला 4 किलो युरिया, सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा. 21 दिवस हवाबंद झाका, घालण्याआधी पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासराला हा भूसा नको.

देवउठनी ग्यारस (कार्तिकी एकादशी) झाली की लग्नसराई सुरू होते, आणि उरलेला भात-पुऱ्यांचा टोपला गायीपुढे येतो. संक्रांतीला खिचडी-गूळ घालणारेही दारोदार भेटतात. भक्ती खरी, पण एकदम इतका स्टार्च गेला की कोठीपोटात लॅक्टिक आम्ल साठतं, रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबट वासाचं होतं. पुढे काही जनावरं खुरांनी लंगडतात. गोशाळेत द्यायचंच असेल तर भूसा किंवा सुकवलेला हिरवा चारा नेऊन द्या. घरच्या गायीला मूठभर पुरे.

दुधाच्या गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, 30 ग्रॅम मीठ आणि ताजं पाणी हवं. थंडीत टाकीतलं गार पाणी गाय कमी पिते आणि दूध घटतं, म्हणून सकाळी विहिरीचं ताजं पाणी द्या.

वासराचं गणित निराळं. दूध चोखताना ते कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं, कोठीपोट अजून झोपलेलंच असतं. चीक पहिल्या दोन तासांत पाजा, कारण त्यातली संरक्षक प्रथिनं आतड्यातून शोषली जातात ती पहिल्या दिवसापुरतीच. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर भरडा आणि सुका चारा समोर ठेवा.