टच येडा झाला? डिस्प्ले बदलायच्या आधी या चुका टाळा

"भाऊ, डिस्प्ले बदलून द्या, टच येडा झाला." बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात हे दोन-तीनदा तरी ऐकू येतं. पोट्टा बीजीएमआय हा बंदुकीचा गेम उघडून दाखवतो. गडी आपोआप डावीकडे पळतो, कोणी न दाबता बंदूक चालते. मी काही न बोलता चार्जरची पिन उपसतो. टच ताळ्यावर येतो.

दोष त्या साठ-सत्तर रुपयांच्या चार्जरचा. त्यात विजेची खरखर गाळणारे भाग नसतातच किंवा नावापुरते असतात. ती खरखर वायरीतून स्क्रीनपर्यंत जाते आणि स्क्रीनला नसलेली बोटं दिसू लागतात. नवा असताना मीही असे दोन डिस्प्ले उगाच बदललेत. नवा टाकला तरी गडी पळतच होता! म्हणून आधी चार्जर काढून खेळून पाहा, मग दुसऱ्याचा चांगला चार्जर लावून पाहा. दोन्ही वेळा टच पळाला तरच डिस्प्लेचं बोला.

"व्होल्टेज कमी होतं म्हणून चार्जर जळाला," असं सगळेच सांगतात. चांगल्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, बल्ब मिणमिणत असला तरी तो चालतो. त्याचा जीव जातो तो गेलेली लाइन परत येतानाच्या झटक्यानं. लाइन गेली की चार्जर बोर्डातून काढा, आल्यावर पाच मिनिटं थांबा.

आता ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली तर विचारूच नका. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा नियम आहे. म्हणजे दुपारी टिनाखाली नुसता पडलेला फोनही सीमेवरच असतो. त्यात चार्जिंगला लावून गेम खेळला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, उजेड कमी करतो, गेम अडकायला लागतो. लोक म्हणतात रॅम कमी पडली. कव्हर काढा, कुलरसमोर दहा मिनिटं ठेवा, फरक दिसेल. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढला की आत दव धरतं आणि मग तो खरंच माझ्याकडे येतो. मागचं झाकण उचललं असेल तर बॅटरी फुगलीय. दाबून बसवू नका, चार्जिंगला तर लावूच नका.

टॉवर लांब असेल तर फोन ५जी-४जी अशा उड्या मारतो. पिंग, म्हणजे गेमला सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळही वाढतो आणि फोनही तापतो. सेटिंगमध्ये ४जी ठरवून टाका.

सगळ्यात महागाची चूक वेगळीच आहे. जीटीए ६ या गेमची 'मोबाइल फाइल' व्हॉट्सॲपवर फिरते. तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं जाहीर केलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि तीही प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस साठी. मोबाइलसाठी गेमची घोषणाच नाही, मग ही चाळीस एमबीची फाइल कशाची? इंस्टॉल होताना ती मेसेज वाचायची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी तिकडे जातो, आणि फोन बापाचा असल्यामुळे खातंही बापाचंच असतं. फाइल उघडली गेली असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन लावा. फोन सगळा पुसून नव्यासारखा करणं, म्हणजे फॅक्टरी रीसेट, नंतर.

पैसे लावायच्या गेमचंही तेच. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं असे गेम चालवणं बंद झालं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण टेलिग्रामवरून 'अजून चालू आहे' म्हणत लिंक पाठवणाऱ्याकडे तुमचे पैसे अडकले, तर मागायचे कोणाला?

परवा एक काका आले. "ई-पीक पाहणीचं ॲप कुठं गेलं म्हणता?" पोरानं गेमला जागा करायला उडवलं होतं. स्टोरेज उघडलं तर व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग व्हिडिओच नऊ जीबी. ते पुसले, ॲप परत टाकलं. काका बाहेर पडता पडता वळून म्हणाले, "ते गुड मॉर्निंगवाले राहू द्याचे होते बावा, साळ्याचे होते."