इन्स्टॉलेशनच्या मध्येच संगणक बंद पडतो? पुन्हा फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने बंद झाली आणि माझ्या ओळखीतल्या अनेक घरांत जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचे काम निघाले. नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) आणलेला, कुठल्यातरी कार्यालयातून निघालेला तिसऱ्या पिढीच्या कोअर आय थ्री प्रोसेसरचा संगणक कालपर्यंत ब्राउझर बिनतक्रार चालवत असतो आणि इन्स्टॉलेशन सुरू करताच हँग होतो, निळा पडदा दाखवतो किंवा एकदम बंद पडतो. मग बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा लावून पुन्हा फॉरमॅट मारतात. पहिली चूक हीच आहे.

बिघाड आज झालेला नसतो, आज तो फक्त उघडकीस येतो. इन्स्टॉलर हजारो दाबलेल्या फाइल्स उलगडतो, त्या रॅममध्ये धरतो, तपासतो आणि डिस्कवर लिहितो, त्यामुळे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) या सर्वांवर एकाच वेळी ताण येतो. रॅममधल्या ज्या खराब जागेला रोजच्या वापरात हातही लागला नव्हता, तिथे आता नेमकी महत्त्वाची फाइल जाऊन बसते. म्हणून इन्स्टॉलेशन कुठे थांबते, हे दर वेळी कागदावर लिहून ठेवावे. दर वेळी एकाच टक्क्यावर अडत असेल, तर पेनड्राइव्ह, डाउनलोड केलेली फाइल किंवा डिस्क यांवर संशय घ्यावा. दर वेळी जागा बदलत असेल, तर रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा पाहावा.

गेल्या मे महिन्यात मी स्वतः हे विसरलो होतो. पुतणीच्या संगणकावर एका दुपारी चार वेळा इन्स्टॉलेशन केले. ते एकदा ३७ टक्क्यांवर थांबले, एकदा ६२ वर, एकदा तर पहिल्याच मिनिटात. मी पेनड्राइव्ह बदलला, फाइल पुन्हा उतरवली, पण रॅमला हात लावला नाही. संध्याकाळी रॅम काढली तेव्हा एका पट्टीच्या सोनेरी टोकांवर तपकिरी रेघ दिसली. टेबल कूलरच्या झोतासमोर होते. पांढऱ्या खोडरबरने टोके हलकेच घासून, कण झटकून दोन्ही पट्ट्या एकेक करून मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर लावल्या. एक पट्टी पूर्ण फेरीत निर्दोष निघाली, दुसरीने दहा मिनिटांतच लाल ओळी दाखवल्या. दुसरी बाजूला ठेवल्यावर तेच इन्स्टॉलेशन पहिल्याच प्रयत्नात पार पडले.

कूलरसमोर ठेवला की संगणक थंड राहतो, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, खोलीच तापलेली असते, म्हणून कॅबिनेट कूलरसमोर ठेवणे स्वाभाविक वाटते, परंतु ती हवा ओलसर असते आणि सोबत धूळही आणते. प्रोसेसरवरचा धातूचा हीटसिंक खोलीतल्याच हवेने थंड होतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणे शक्य नसते. त्यात पंख्यावर धुळीचा थर आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकून कडक झालेली असली, तर तापमान मिनिटांत चढते. मर्यादेजवळ, अनेक मॉडेलांत साधारण १०० अंशांच्या आसपास, प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तापमान त्यापुढेही चढत राहिले, तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. धूळ काढून, नवी पेस्ट लावून, उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे.

कोणताही संदेश न देता संगणक बंद पडत असेल, तर उष्णतेइतकाच संशय एसएमपीएसवर घ्यावा. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो प्रत्यक्षात तेवढा भार पेलेलच असे नाही. एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहायला हवी. बायोसमधला आकडा अंदाजापुरता घ्यावा, खात्री मल्टिमीटरने करावी. शक्य असल्यास ओळखीच्या घरातला चांगला एसएमपीएस लावून पाहणे सर्वांत सोपे. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

डिस्क बदलण्याची घाईही महागात पडते. स्मार्ट अहवालातील (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीतील) क्रमांक ५ आणि १९७ चे मूळ आकडे वाढत असतील, तर डिस्क खरोखर खराब होत आहे. पण १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो आणि काम थोड्या पैशांत होते. पेनड्राइव्हची शंका आल्यास उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा तिचा ठसा) संकेतस्थळावरील आकड्याशी जुळवावा.

लिनक्स टाकताना पडदा काळा राहिला, तर बूटच्या ओळीत नोमोडसेट (nomodeset) हा पर्याय जोडून पाहावा. तो दोष बहुधा ग्राफिक्सचा असतो. विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागते. ही तपासणी चुकवून अनेक जण पुढे जातात, पण २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट ही अंगभूत आज्ञा प्रोसेसरमध्येच लागते, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ती कितीही युक्त्या केल्या तरी सुरू होणार नाही. अशा यंत्रावर हलके लिनक्स टाकणेच शहाणपणाचे.

कोणताही उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम, केबल आणि एसएमपीएस एकाच बैठकीत बदलून संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगला भाग उगाच फेकला जातो. जुना संगणक घेताना दुकानदार काही दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देत असेल, तर ती संपण्याआधीच एक रात्र मेमटेस्ट चालू ठेवावी आणि लाल ओळी दिसल्यास पडद्याचा फोटो, बिल आणि ती पट्टी घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकानात जावे.