खाटेशेजारी बसून लूकचा पंधरावा अध्याय कसा वाचावा

मिरजेत डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला, तेव्हापासून आमच्या गावाला परगावच्या आजाऱ्यांची सवय आहे. जतहून, तासगावहून, सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून माणसं येतात. मी नर्स म्हणून निवृत्त झाले आणि आता आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळातर्फे आजाऱ्यांना भेटते. "माझ्यासारख्याला देव कशाला इचारतोय, सिस्टर?" हा प्रश्न इतक्या खाटांवरून ऐकलाय की, नव्यानं भेटीला निघालेल्या मुलींसाठी, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचून दाखवायची माझी पद्धत लिहून ठेवते आहे.

डॉक्टरांचा राउंड आणि ड्रेसिंग उरकल्यावरच जा. स्टूल ओढून बसा; उभ्यानं बोललं की पेशंटला मान वर करावी लागते. वाचायचं का, हे त्याला स्वतःला विचारा, नातेवाइकांना नव्हे. "काका, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट वाचू का?" नको म्हणाले तर पुस्तक पिशवीत ठेवा, पाणी हवं का विचारा, घरची चौकशी करा. घर कुठल्या धर्माचं आहे यानं आपलं वागणं बदलता कामा नये. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. आपण तर नुसतं खाटेजवळ बसणार आहोत.

"हे दुखणं माझ्या पापानं आलं का?" असं कोणी विचारलं तर हो म्हणू नका, गप्पही बसू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्ही नाकारलं. ते योहानाच्या नवव्या अध्यायात आहे, तिथं बोट ठेवून दाखवा. आणि बरं होण्याची हमी देऊ नका. ती आपल्या हातात नाही, आणि तीन दिवसांनी ताप चढला की त्या माणसाला वाटतं, देवानं पुन्हा टाकलं.

आता वाचन. या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची आणि नाण्याची गोष्ट चांगलीच आहे, पण थकलेल्या माणसाला अकराव्या वचनापासून धाकट्या मुलाचीच वाचा: बापाकडून वाटा घेऊन तो दूर देशी उधळणारा, आणि शेवटी उपाशीपोटी डुकरं राखणारा. आधी प्रस्तावना नको. डुकरांच्या शेंगांपर्यंत सरळ वाचत जा, तेवढं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. अठराव्या वचनाशी वेग कमी करा. इथं मुलगा बापापुढं काय बोलायचं ते मनाशी जुळवतोय. मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा.

मग विसावं वचन, दोनदा वाचा. मुलगा अजून लांब आहे तोवरच बापाला दिसतो, आणि बाप धावत सुटतो. आपल्या गावातला धोतर नेसणारा जुना पाटील भरदिवसा, चावडीवरच्या लोकांदेखत, पोरासाठी पळत सुटला तर कसं वाटेल, तसं हे आहे. दारूपायी घर सोडलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाप पळाला? शिव्या नाय घातल्या?" मी म्हटलं, "दादा, पुढं ऐका." एकविसाव्या वचनात मुलगा बोलायला लागतो, पण मजुरासारखं ठेवा हे त्याचं वाक्य तोंडातच राहतं. तेवढ्यात बाप चाकरांना झगा, अंगठी, पायात जोडा आणायला सांगतो. अठरा-एकोणीस आणि एकवीस ही वचनं शेजारी ठेवून पेशंटलाच विचारा, कुठलं वाक्य राहिलं? त्या ड्रायव्हरनं स्वतः शोधलं. नंतर बराच वेळ तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. अशा वेळी बोलू नका, वचनांची रांग लावू नका. देवाची दया समजायला माणसाला वेळ लागतो, तो त्याला मिळू द्या.

प्रार्थना करायची असेल तर लहान करा. लूकच्या अठराव्या अध्यायात जकातदार एवढंच म्हणतो की, हे देवा, मज पाप्यावर दया कर. ज्याला बोलवत असेल त्याच्यासोबत स्तोत्र १३६ म्हणा. सव्वीसही वचनांचा शेवट एकच आहे: "कारण त्याची दया सनातन आहे." पहिला भाग तुम्ही वाचा, शेवट त्याला म्हणू द्या. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या आक्कासुद्धा तिसऱ्या वचनापासून सूर धरतात.

राहिला गोष्टीतला थोरला भाऊ, घर न सोडता बापाकडं राबलेला आणि धाकट्याच्या स्वागतावर रुसून बाहेरच थांबलेला. त्याच्यासारखं कोणीतरी बहुधा पेशंटच्याच खोलीत असतं. पाय चेपणारी बायको, बिलं भरणारा मुलगा. यांनी वर्षानुवर्षं सोसलेलं असतं आणि बापाचं धावणं ऐकून त्यांचा जीव जळतो. ते रास्त आहे. पंचविसाव्या वचनापासूनचा भाग त्यांना वेगळा, व्हरांड्यात वाचून दाखवा. बाप घराबाहेर येऊन थोरल्याचीही समजूत घालतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. ही दया त्यांच्यासाठीही आहे, एवढं सांगा. "आता क्षमा करा" असा आग्रह त्या दिवशी धरू नका. थोरला शेवटी आत गेला का, असं विचारलं तर ते शास्त्रात लिहिलेलं नाही, हे खरं सांगा. मग तासभर खाटेजवळ तुम्ही थांबा आणि वहिनींना अंघोळ करून, दोन घास खाऊन यायला पाठवा.