लिनक्सला जोडलेला प्रिंटर विंडोजवरून वापरताना

फोंड्यातील एखाद्या वाचनालयात किंवा पंचायतीच्या लहान कार्यालयात एकुलता एक प्रिंटर लिनक्स संगणकाला जोडलेला असेल, तर विंडोजसाठी सांबापेक्षा (लिनक्सवरील फाइली व प्रिंटर विंडोजला वापरू देणारी प्रणाली) कप्सचा, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीचा, आयपीपी (नेटवर्कवरून छपाई करण्याची पद्धत) मार्ग अधिक सुटसुटीत पडतो. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे (म्हणजे त्याच संगणकाचे) ६३१ क्रमांकाचे पोर्ट उघडून कप्सच्या प्रशासनाच्या पानावर प्रिंटर शेअर करण्याचा पर्याय निवडावा, त्या प्रिंटरच्या पानावरही शेअरिंग चालू असल्याची खात्री करावी आणि फायरवॉलमध्ये हे पोर्ट स्थानिक नेटवर्कपुरतेच मोकळे करावे. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि राउटर पुन्हा सुरू झाल्यावर लिनक्स संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) बदलू शकतो. म्हणून तो राउटरमध्येच राखून ठेवावा.

विंडोजमध्ये ‘इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट’ ही सुविधा चालू करून, प्रिंटर नावाने निवडण्याच्या रकान्यात एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता भरावा: आयपी, अपूर्णविराम, ६३१, तिरकी रेघ, इंग्रजीत ‘प्रिंटर्स’, पुन्हा तिरकी रेघ आणि कप्समधील प्रिंटरचे नाव. कंपनीचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालतो, कारण पुढचे रूपांतर कप्स करते. चाचणी पान निघाले नाही, तर तोच पत्ता विंडोजच्या ब्राउझरमध्ये उघडावा. पान दिसल्यास दोष ड्रायव्हरमध्ये शोधावा, अन्यथा फायरवॉल तपासावी.