ग्राफिक्स कार्डातला शॉर्ट शोधताय? या चुका टाळा

कार्ड लावून बटण दाबलं की पंखा जरासा हलतो, पॉवर सप्लायमधून 'टक्' असा आवाज येतो आणि सगळं थंड. कार्ड काढलं की पीसी व्यवस्थित चालू. शॉर्टची, म्हणजे वीज नको त्या वाटेने सरळ वाहून जाण्याची, ही नेहमीची खूण. सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय, त्यामुळे 'परत एकदा बघू' म्हणत पाच-सहा वेळा बटण दाबू नका.

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) थांबलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. माझ्या टेबलावर येणारी बरीचशी त्यातलीच. वाईट याचं वाटतं की बऱ्याच कार्डांत मूळ बिघाड एखाद्या कपॅसिटरचा असतो आणि कार्ड मरतं ते नंतरच्या उपचारांनी.

मीटर वाजला म्हणजे शॉर्ट नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मीटर बीपवर ठेवायचा, एक प्रोब ग्राउंडला आणि दुसरा कॉइलवर (चिपला वीज देणाऱ्या चौकोनी गुंडाळीवर) टेकवायचा, तो वाजला की 'चिप गेली' म्हणून मोकळं व्हायचं. बहुतेक मीटर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतात. मोठ्या चिपच्या कोअर लाइनवर (मुख्य चिपला वीज पोहोचवणाऱ्या लाइनवर) तर अर्ध्या ओहमच्या आसपासचं रीडिंगही निरोगी असू शकतं. मेमरीच्या लाइनवर काही दहा ओहम दिसतात, तिथेही मीटर वाजणारच. म्हणून बीप विसरा आणि 200 ओहमच्या रेंजवर आकडा वाचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून किती येतंय ते बघा. 0.2 आलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ते वजा करा.

12 व्होल्टच्या लाइनवर मात्र हजारांत ओहम दिसले पाहिजेत. ही लाइन दोन ठिकाणी मोजा: स्लॉटच्या सोनेरी पट्ट्यांवर (ब्रॅकेटकडून बी बाजूच्या पहिल्या तीन) आणि वरच्या कनेक्टरच्या 12 व्होल्ट पिनांवर. बऱ्याच कार्डांत या दोन लाइनी वेगळ्या असतात. त्यामुळे एकीवर शॉर्ट आणि दुसरी ठणठणीत असेल, तर शोधायची जागा निम्मी होते. कागदावर आकडे लिहून ठेवा, पुढे लागतात.

उडालेल्या फ्यूजवर तार टाकणं

फ्यूज उडाला तो पुढे काहीतरी शॉर्ट झालं म्हणून. नुसता फ्यूज बदलला तर नवा जाईल, आणि तार टाकली तर आग सरळ बोर्डापर्यंत पोहोचेल. असं एक कार्ड माझ्याकडे आलं होतं. फ्यूजच्या जागी सोल्डरचा जाड थेंब होता आणि एका पॉवर स्टेजखाली (12 व्होल्ट कमी करून कोअरला देणाऱ्या पार्टखाली) बोर्ड कोळसा होऊन खड्डा पडलेला. आतल्या थरांपर्यंत जळालं होतं. ते मला वाचवता आलं नाही.

12 व्होल्टची लाइन, म्हणून 12 व्होल्ट द्यायचे?

नाही! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शॉर्ट शोधायला बेंच पॉवर सप्लायने (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या सप्लायने) बाहेरून करंट देतात, म्हणजे दोषी पार्ट तापून सापडतो. पण 12 व्होल्टचा शॉर्ट थेट ग्राउंडलाच असेल असं नाही. कोअरला वीज देणाऱ्या एखाद्या फेजचा (शाखेचा) वरचा मॉसफेट, म्हणजे 12 व्होल्टकडचा इलेक्ट्रॉनिक स्विच, आतून जोडला गेला असेल, तर 12 व्होल्टची लाइन त्यातून सरळ कोअरला भिडलेली असते. कोअर साधारण एका व्होल्टवर चालणारा. तुम्ही 12 दिलेत की चिप क्षणात खलास.

म्हणून आधी 12 व्होल्ट आणि कोअरची कॉइल यांच्यामध्ये मोजा. तिथे जवळपास शून्य आलं, आणि 12 व्होल्टचं ग्राउंडशी रीडिंग कोअरच्या रीडिंगइतकंच असेल, तर वरचा मॉसफेट गेलाय. अशा वेळी सप्लायची प्लस 12 व्होल्टवर आणि मायनस कॉइलच्या कोअरकडच्या टोकाला लावा. करंट फक्त फुटलेल्या मॉसफेटमधून वाहतो, चिपला झळ लागत नाही. तरीही एक व्होल्टच्या वर जाऊ नका. व्होल्टेज आणि करंट लिमिट क्लिपा लावण्याआधीच ठरवा. 0.1 ओहमच्या शॉर्टमधून 5 अँपिअर गेले तर अर्धाच व्होल्ट पडतो आणि अडीच वॉट उष्णता तयार होते. पार्ट सापडायला तेवढी पुरते.

थर्मल कॅमेरा नसेल तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरा आणि ते कुठे आधी वाळतं ते बघा. मागच्या महिन्यातल्या कार्डावर 12 व्होल्ट आणि कोअर वेगळे होते, म्हणजे शॉर्ट सरळ ग्राउंडला. एक व्होल्ट दिला आणि वरच्या कनेक्टरमागच्या तांदळाच्या कणीएवढ्या कपॅसिटरवर चारच सेकंदांत कोरडा ठिपका उमटला. बाकी बोर्ड ओलाच. पार्टवर ना तडा, ना डाग. नुसत्या डोळ्यांनी तो कधीच सापडला नसता. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय हॉट एअर (सोल्डर वितळवणारी गरम हवेची बंदूक) हातात घेऊ नका.

घाईने हवा मारणं

ग्राफिक्स कार्डाच्या आत ग्राउंडचे जाड तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता ओढून घेतात. मग सोल्डर वितळत नाही म्हणून लोक तापमान वाढवत नेतात आणि शेजारची मेमरी भाजते. खालून बोर्ड आधी गरम करा, मेमरी आणि प्लास्टिक कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) झाका, फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावं म्हणून लावायचं रसायन) भरपूर लावा. पार्ट चिमट्याने ओढून काढू नका, बोर्डावरचे तांब्याचे पॅड सोबत उखडतात. सोल्डर वितळलं की तो स्वतःहून हलतो.

काढल्या काढल्या पुन्हा मोजा. मागच्या महिन्यातल्या त्या कार्डावर 12 व्होल्टची लाइन लगेच हजारांत गेली. नवा कपॅसिटर त्याच क्षमतेचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा हवा. तो बसवल्यावर सगळ्या लाइनी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघितल्या, हीटसिंक चढवला आणि कार्ड आधी जुन्या मदरबोर्डवर लावलं, गिऱ्हाइकाच्या पीसीत नाही. पंखा फिरला, स्क्रीन आली. अर्धा तास लोड देऊन झाल्यावरच ते परत केलं.