पॅप नॉर्मल, तरी अंगावरून पाणी जातंय? निदान पक्कं कसं करून घ्यावं

रामबागेतल्या एका काकूंच्या अंगावरून वर्षभर पाणी जात होतं. दिवसाला तीन-चार पॅड लागत. पॅप, म्हणजे ब्रशनं गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन होणारी तपासणी, दोनदा झाली, दोन्ही वेळा नॉर्मल, आणि ‘वयामुळे होतं’ म्हणून त्यांची बोळवण झाली. शेवटी तपासणीसाठी खोल तुकडा काढला (बायोप्सी) तेव्हा गर्भाशयमुखाचा एक विरळा कर्करोग निघाला: जठर प्रकारचा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग. मी इथे इंदूरला पॅथॉलॉजिस्ट आहे, तो तुकडा माझ्याच टेबलावर आला होता. त्यांचं हातचं गेलेलं वर्ष माझ्या मनातून जात नाही.

गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतात. हा त्यातला नाही, त्यामुळे एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली तरी तो नाही असं ठरत नाही. याच्या पेशी जठराच्या अस्तरासारखा श्लेष्मा तयार करतात, म्हणून हे नाव.

१. त्रास नेमक्या शब्दांत सांगा. ‘पांढरं जातं’ म्हटलं की जंतुसंसर्गाच्या गोळ्या मिळतात. पाण्यासारखं की बुळबुळीत, किती दिवस, रोज किती पॅड, रक्त दिसतं का, हे सांगा. ओठांवर किंवा गालाच्या आत लहानपणापासून काळपट ठिपके असतील तर तेही दाखवा. प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक विकाराची ती खूण असते आणि त्यात हा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

२. पाणी थांबत नसेल तर पुन्हा पॅपवर विसंबू नका. ही गाठ बऱ्याचदा गर्भाशयमुखाच्या वरच्या भागात, पृष्ठभागाच्या खाली वाढते. ब्रश तिथवर पोचत नाही. एमआरआयबद्दल विचारा आणि तुकडा आतल्या नळीतून, खोलवरून घेता येईल का तेही विचारा. गरज पडली तर शंकूच्या आकाराचा भाग काढतात.

३. तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हाती देतात. आत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) हवं, साधं पाणी किंवा सलाइन नको.

४. रिपोर्ट हाती आला की पेशींचं वर्णन वाचा. निरोगी ग्रंथीत पेशी उंच, सडपातळ असतात, केंद्रकं तळाशी एका ओळीत. या कर्करोगात पेशी फुगतात, आतलं द्रव्य फिकट किंवा पारदर्शक दिसतं, दोन पेशींमधली रेघ पेन्सिलीनं आखावी तशी ठळक. केंद्रकं ओळ मोडून लहानमोठी होतात. पण कधी कधी ग्रंथी इतक्या साळसूद दिसतात की अनुभवी नजरही फसते. अशा रूपाला पूर्वी ॲडिनोमा मॅलिग्नम म्हणत. काकूंच्या स्लाइडवर असंच होतं. वरचा थर पाहून मी निर्धास्त झाले असते. खाली जाड भिंतीत मात्र टोकेरी, वाकड्यातिकड्या ग्रंथी रक्तवाहिनीला जाऊन भिडल्या होत्या, आणि त्यातल्या दोन-तीनच ग्रंथींत बिघडलेली केंद्रकं सापडली. तुकडा उथळ असता तर हे दिसलंच नसतं.

मग इम्युनो चाचण्या, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या, झाल्यात का ते विचारा. एचपीव्हीच्या कर्करोगात पी-१६ हे प्रथिन सहसा गडद, सलग रंगतं. इथे ते बहुधा रंगत नाही किंवा तुरळक रंगतं. इस्ट्रोजेन रिसेप्टरही सहसा निगेटिव्ह असतो. एका चाचणीवर निकाल लागत नाही, सगळं एकत्र बघावं लागतं.

५. दुसरं मत घ्याच. हा प्रकार चिवट आहे, रेडिएशन आणि केमोला नेहमीच्या कर्करोगापेक्षा कमी दाद देतो, म्हणून उपचार ठरण्याआधी नाव पक्कं हवं. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात तुकडा जपलेला असतो) दोन्ही मागून घ्या. त्यांवरचे नंबर रिपोर्टशी काउंटरवरच जुळवा. आपल्याकडचे बरेच जण अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नेतात. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

आणि तुकडा पाठवताना फॉर्मवर डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या: ‘वर्षभर पाणी जातं, पॅप दोनदा नॉर्मल.’ काकूंच्या फॉर्मवर फक्त ‘सर्व्हिक्स बायोप्सी’ एवढंच होतं. बाकीचं मला त्यांच्या सुनेला फोन करून विचारावं लागलं, आणि त्यानंतरच मी ती स्लाइड पुन्हा लावली.