घरात स्किझोफ्रेनिया असेल तर बाकीच्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं
माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून अनुभवाने सांगते, गोळ्या द्यायचं काम एकट्या आईवर टाकू नका, वार वाटून घ्या, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ ज्याची त्याची, ती काही झालं तरी मोडायची नाही. भास होत असतील तर खरं-खोटं करत बसू नका, "तुला भीती वाटतेय ना" एवढंच म्हणा, आमच्याकडची भांडणं तरी यानेच कमी झाली. झोप उडाली, संशय वाढला की लगेच डॉक्टरांना कळवा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका प्लीज. शुभंकरांचा (म्हणजे आपल्यासारख्या सांभाळणाऱ्यांचा) स्वमदत गट जवळपास असेल तर जा, नुसतं ऐकत बसलात तरी चालेल. रात्री-अपरात्री काहीच सुचेनासं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास.